सगळ्यांच्या घरची सायकल

नागपूर, १५ सप्टेंबर १९७४

ती. रूपदादास गोपिकाचा सा. न. वि. वि.

दादा, बसूनच वाच! आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाच सायकली सामाईक केल्या. गल्लीतून घ्यायची, तिकडं सदर बाजारात टायपिंग क्लासच्या अंगणात ठेवायची. परततानी जी दिसंल ती आपली. कुलूप नाही, विचारणं नाही. बाबांची पितळी घंटीवाली सायकलही त्यात दिली. आईच म्हणाली, की उभ्या उभ्या गंजून राहिली बिचारी.

एकच भानगड हाये. सकाळी सगळ्याच सदरला पळतात अन् इथं एकही उरत नाही. मंग मी एकीवर बसून दुसरी हातानं ओढत आणते. लोक हसतात, हसू दे. शेजारच्या वच्छलाकाकू पन्नाशीत सायकल शिकल्या, दादा!

तुही लाडकी (तू मान की नको मानू),
गोपिका

कन्हान, २५ सप्टेंबर

चि. गोपिकास दादाचे आशीर्वाद.

डोकं ठिकाणावर हाये का वं तुहं? दोन घरचा पाहुणा उपाशी, अन् तुह्या सायकलीले तर गल्लीभर घरं! तेल कोण घालंल, पंक्चर कोण काढंल? बाबा त्याच सायकलीच्या दांड्यावर बसवून मले शाळेत सोडत. ती हरवली तर आईले काय तोंड दाखवू? दसऱ्याले येतो. एकही सायकल कमी दिसली, तर बाबांची कन्हानले आणीन अन् तुहा कारभार बंद.

रागावलो तरी लोभ तोच हाये, तूही ठेव.
रूपराव

नागपूर, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. दादास सा. न. वि. वि.

तुले ड्यूटीनं सोडलं नाही, बरं झालं! काल सकाळी हार घेऊन गेली, तर गल्लीत एकही सायकल नाही. सदरला धावली, तिथंही नाही. तुहं खरं ठरलं म्हणून रस्त्यातच रडली.

दुपारी वच्छलाकाकू आल्या, सायकलीवर! हँडलला झेंडू, मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक. मागून रंभाबाई, तिच्या मागून आणखी दोघी. सगळ्यांनी आदल्या दिवशीच एकेक सायकल घरी नेली होती. न सांगता काहून नेली म्हणून मी ओरडली, तर काकू माझ्यावरच उलटल्या, की घरच्या सायकलीची पूजा का दुसऱ्याच्या दारात करतात?

बाबांची मात्र दिवेलागणीपर्यंत आली नाही. आई दारातून हलेना. अन् मंग घंटी वाजली! गल्लीतली शामला तिच्या म्हाताऱ्या आईले मागं बसवून दीक्षाभूमीवर गेली होती, गर्दीत वेळ झाला. सणाच्या दिवशी घरची सायकल मळकी कशी न्यायची म्हणून तिनं चेनबिन सारं घासलं होतं. बाबा गेल्यापासून ती इतकी चकाकली नव्हती. आई घंटी वाजवतच राहिली.

आता सांग, नेतो का कन्हानले?

उत्तराची वाट पाहणारी,
गोपिका

कन्हान, दिवाळीच्या आधी

चि. गोपिकास आशीर्वाद.

नाही नेत. उलट माझीच सायकल इथल्या बळीरामच्या ट्रकवर पाठवून राहिलो. ड्यूटीची कोळसा खदान मले पायी जवळच हाये. तिले तुमच्यात घ्या, मस्त फिरवा.

दसऱ्याले तेवढी एक दिवस कन्हानले पाठवजो. आमच्या घरची हाये ती.

तुहा हट्टी भाऊ,
रूपराव