घंटेआधीचे तीन परिच्छेद

शनिवार, १३ ऑक्टोबर २००७. संध्याकाळ, घरी.

आमच्या शाळेच्या बॅचचा ब्लॉग मी सुरू केला, म्हणून सगळ्यांचे लेख आधी माझ्याकडे यायचे आणि मी हो म्हटल्यावरच दिसायचे. काल जयसिंगपूरहून सुजाताचा फोन. "माझा लेख आठ दिवस तुझ्याकडं पडलाय. हेडमास्तर झालायस व्हय?" लागलं मला. म्हणून आज सकाळी शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत बसून लिहिणाऱ्या सहाही जणांना माझ्याइतकेच अधिकार देऊन टाकले.

दुपारी पुन्हा जाऊन बघतो तर तिचा लेख लागलेला, आणि माझ्या लेखाचे पहिले तीन परिच्छेद गायब. आता तो थेट रुळाच्या तुकड्यापासून सुरू होतो. तोच, जो शिपाईमामा घंटा म्हणून बडवायचे. तिथूनच तिला फोन लावला.

"व्हय, मीच काढलं. तुझी घंटा हुईपर्यंत कोण थांबतंय? पटत नसंल तर परत घाल की. तुलाबी हक्क हाय."

घालणारच होतो. त्याआधी एकदा वाचून बघितलं. पहिल्याच ओळीत रुळाचा तुकडा ठणठणतो आणि सगळी शाळा उभी राहते. लेख सुधारलाय, एवढं कबूल करायला मला अर्धा तास का लागावा? तसाच ठेवून उठलो. येताना रस्ताभर तो ठणठणाट कानात, आणि मी चक्क खुशीत.

ते तीन परिच्छेद मात्र मला तोंडपाठ आहेत. आल्या आल्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेत, एक शब्दही न कापता. या वहीत हात घालायचा अधिकार मी अजून कुणाला दिलेला नाही.