नाथाजीची घोंगडी परत करण्याबाबत

मी, हंबीरराव तात्याबा शेलार, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा शेती व ससेपालन, राहणार मौजे सडेवाडी, तालुका जावळी, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी दाब दिलेला नाही. नशापाणी केलेले नाही. छातीत पाणी झाले आहे, पण डोके जागेवर आहे आणि माझ्या मनात कसलाही गोंधळ नाही. मेढ्याच्या कचेरीपुढे बसणारे लेखनिक आप्पासो यांनी बजावले आहे की खाडाखोड केली तर कागदाला किंमत राहत नाही. तेव्हा एकदा लिहिले ते राहील.

कलम १. राहते घर व ओढ्याकाठची भातखाचरे माझी पत्नी साळूबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहतील, तिच्यामागे मुलगी बनुबाई हिच्याकडे जातील. बनूला तासगावास दिली आहे. जावई जोतीराम माणूस सरळ आहे, पण चहाला बोलावला तर जेवूनच उठतो. घर त्याच्या नावे करू नये.

कलम २. पलटणीचे बूट, कंदील, करवत आणि पकड जोतीरामास द्यावी. बूट त्याला होणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. तरी द्यावेत, कारण लग्नापासून त्याची नजर त्यांच्यावर आहे.

कलम ३. ससे. आज रोजी लहानमोठे एकवीस. पांढरी मादी गाभण असून आज तिचा एकतिसावा दिवस आहे, म्हणजे आज-उद्या विणार. ससे उघड्यावर, घरामागे सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, पट्टीत जे बांबूचे खुराडे आहे त्यातच ठेवावेत, घरात घेऊ नयेत. गाव मला आजही हसतो, 'म्हातारा एवढ्या गारठ्यात मुकी जनावरं बाहेर ठेवतो.' हसू दे. पहिल्या जर्मन लढाईत मी फ्रान्सात खेचरं हाकत होतो. तिथे आमचा तळ एका म्हातारीच्या वाडीत होता. गुडघाभर बर्फ पडायचे आणि तिचे ससे बाहेर खुशाल गवत खात बसायचे. तिने खुणेने मला शिकवले की ससा थंडीने मरत नाही, वाऱ्याने आणि ओलीने मरतो. खुराड्याची एक बाजू उघडी हवी, खाली कोरडे गवत हवे, बस. विण्याआधी मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिल्लांना अंथरते. त्यापुढे आपली माया काय कामाची? पाचगणीच्या साहेबांना मी दहा वर्षे ससे पुरवले ते एवढ्या विद्येवर.

कलम ४. माझा धाकटा भाऊ नाथाजी यास सड्याच्या पट्टीतली चिमूटभर मातीदेखील मिळू नये. मला मुलगा नाही, म्हणून रीतीप्रमाणे अग्नी त्याने द्यावा असे चार लोक म्हणतील. त्यांचे ऐकू नये. त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. अग्नी जोतीराम देईल. कारण पुढीलप्रमाणे. सन १९३९ च्या मार्गशीर्षात दोन माद्या एका दिवशी व्याल्या, अकरा पिल्ले झाली. त्या दुपारी मी खुराड्याच्या उत्तरेच्या जाळीला पोते लावले, दक्षिणेची बाजू उघडी ठेवली (बाकी दोन्ही बाजू बांबूने बंदच आहेत) आणि साहेबांचे ससे घेऊन पाचगणीस गेलो. मुक्काम तिकडेच केला. सकाळी येऊन पाहतो तर दोन्ही माद्या आणि अकराही पिल्ले मेलेली. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. आणि दक्षिणेच्या जाळीवर नाथाजीची तांबड्या काठाची काळी घोंगडी! मी ती घेऊन तसाच त्याच्या दारात गेलो. तो म्हणाला, "वारा लागत हुता दादा, म्हणून जाता जाता म्या टाकली." वारा लागत होता म्हणे! आदल्याच महिन्यात पट्टीच्या बांधावरून आमची हमरीतुमरी झालेली. याने विष घातले आणि घाईत घोंगडी विसरला, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. त्या दिवसापासून त्याचे-माझे बोलणे बंद आहे. घोंगडी मी पुरावा म्हणून ट्रंकेत कुलपात ठेवली आहे.

कलम ५. इथवर लिहून मी साळूबाईला वाचून दाखवले. कलम चार ऐकल्यावर ती उठून चुलीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी म्हटले, काय झाले? तर म्हणाली, "आवं, नाथा भावजींनी काय बी केलं न्हाई. शेगडी म्या ठेवली हुती."

मी म्हटले, कसली शेगडी?

ती म्हणाली, "बाळंतिणीच्या बाजंखाली ठेवत्यात तशी. ओवा टाकून. दिवेलागणीला गेले, तर पोतं हुतं, घोंगडी हुती. म्हटलं तुमीच बंदोबस्त करून गेलायसा. दोन बाळंतिणी, एवढा गारठा, म्हणून बांबूखाली शेगडी सरकवली. पहाटं बघितलं तर समदी गार. शेगडी उचलून आत आणली. मग तुमी आलासा, घोंगडी घेऊन तरातरा गेलासा, आन् माझी वाचाच बसली."

सात वर्षे! सात वर्षे या बाईने मला रोज भाकरी वाढली आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी खूप ओरडलो. काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. ती शेवटी एवढेच म्हणाली, "तुमी लढाईवर हुता तवा आपलं पहिलं लेकरू माझ्या कुशीत गारठून गेलं. तवा घरात शेगडीला कोळसा न्हवता. ह्या वक्ताला हुता."

मी पुन्हा लेखणी उचलली.

कलम ६. पहिल्या परिच्छेदातले 'कसलाही गोंधळ नाही' हे वाक्य रद्द समजावे. मी खूप गोंधळलो आहे. मी पोते लावले नसते तर धूर उत्तरेने निघून गेला असता. नाथाने घोंगडी टाकली नसती तर दक्षिणेने गेला असता. साळूने शेगडी ठेवली नसती तर धूरच झाला नसता. तिघांनी जीव लावला आणि तेरा जीव गुदमरून गेले. आता दोष कुणाच्या नावे लिहू? आप्पासोंच्या मसुद्यात याला कलम नाही. साळूवर रागावावे तर ते लेकरू डोळ्यांपुढे येते. नाथाजीवरचा राग सात वर्षे पोसलेला, तो एकाएकी कुठे नेऊन ठेवू? खरे सांगायचे तर तो भाऊ खरेच बोलत होता, आणि मी त्याच्या बायकोपोरांदेखत त्याला खुनी म्हटले, याची मला आता लाज वाटते. फार लाज वाटते.

कलम ७. कलम चार पुरते रद्द. शेजारी कृष्णात यास नाथाजीला बोलवायला पाठवले आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो.

कलम ८. आला.

दारातच उभा राहिला. केस पिकलेत त्याचे. सात वर्षे तो वाटेत दिसला की मी मान फिरवायचो, त्यामुळे मला वाटत होते तो अजून तसाच असेल. मी ट्रंक उघडून घोंगडी काढली आणि सगळे सांगितले. साळू पदराआड रडत होती. नाथाने घोंगडी उलटीपालटी करून पाहिली. एका कोपऱ्यात कसर लागली आहे. म्हणाला, "सात हिवाळं पेटीत घातलीस व्हय रं दादा? मागितली असतीस तर दुसरी बी दिली असती की!"

माफ कर म्हणायला मी तोंड उघडले, पण खोकलाच आला. त्याने पाणी दिले. माफी राहिली आहे, म्हणून ती या कागदावर मागतो: नाथा, माझे चुकले.

कलम ९. सड्याची पट्टी खुराड्यासह व सशांसह नाथाजीस द्यावी असे मी ठरवले होते. परंतु दुसरा साक्षीदार म्हणून त्याला सही करायची आहे, आणि आप्पासोंचे सांगणे असे की ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये. हे सांगताच नाथा म्हणाला, "मग मला पट्टी नगं. ती वैनीकडं राहू दे. सशांचं म्या बघीन, त्याला कागूद कशाला लागतोय?" मी पुष्कळ समजावले, ऐकत नाही. लहानपणापासून असाच आहे. सबब पट्टी व ससे साळूबाईकडे राहतील. घोंगडी नाथाजीस परत. ती मूळची त्याचीच असल्याने ही देणगी धरू नये.

कलम १०. मला अग्नी नाथाजी देईल. पुढचा खांदाही तोच देईल. जोतीरामाने मागून धरावे, हवे तर बूट घालून.

कलम ११. पांढरी मादी केस उपटू लागली आहे, असे साळूने आत्ताच येऊन सांगितले. ते ऐकून नाथा घोंगडी घेऊन मागे गेला तो परत येईना. सहीसाठी हाक मारली तर म्हणतो, "कागूद हिकडं आना, म्या हलत न्हाई." म्हणून कृष्णाताने मला धरून खुराड्यापाशी आणले असून हे कलम मी बाजेवर बसून लिहीत आहे. उत्तरेचा वारा झोंबतो आहे. नाथा घोंगडी हातात घेऊन नुसता उभा आहे, टाकत नाही. साळू शेगडी न घेता, रिकाम्या हाताने आली आहे. नाथाने आत्ता मला विचारले, "दादा, कुठली बाजू झाकू?"

उत्तरेची झाक, असे मी सांगितले. दक्षिणेची उघडी राहू दे. त्याने तसे केले.

माझ्या पश्चातही त्याने असेच विचारावे. मी नसेन तेव्हा वैनीला विचारावे, आणि वैनीने त्याला. याखेरीज मला कुणाला काही द्यायचे उरलेले नाही. सारे वाचून ऐकवले, तिघांनाही कळले, मलाही आता बरेचसे कळले आहे.

ठिकाण: खुराड्यापाशी, मौजे सडेवाडी
तारीख: १२ डिसेंबर १९४६, गुरुवार, मार्गशीर्ष वद्य पक्ष

सही: हंबीरराव तात्याबा शेलार

साक्षीदार:
१. कृष्णात हरिबा कदम, शेजारी. सही.
२. नाथाजी तात्याबा शेलार, सख्खा भाऊ. डाव्या हाताचा अंगठा. उजव्या हाताने घोंगडीचे टोक धरले आहे, ते सोडायला तयार नाही.