गप्प राहणारा पडदा

माय, आज ऑफिसात मले एक गोष्ट इचारली, आन् मी उत्तर देऊन बसली. तवापासून तू डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून लिहून राहिली.

तू गेल्यावर आठवीतच माही शाळा सुटली. बाबानं पांढुर्ण्याच्या टायपिंग क्लासात टाकलं, आन् आता मी सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसतो. तिथं औंदा कॉम्पुटर आलं. भिंतीपाशी एक मोठा डब्बा, त्याले तीन पडदे जोडले. एक माहा, एक मुनीमजीचा, एक कापूस मोजते त्या काट्यावर. काम साऱ्याइचं तो एकटा डब्बाच करते. पडदा काळा, चित्र नाही, काही नाही. आपण अक्षरं टाइप करून हुकूम द्याचा. चुकला त डब्बा बोलते, पडद्यावर चूक लिहून दाखवते. बरोबर असला त काहीच बोलत नाही, नुसती हिरवी रेघ लुकलुकत राह्यते. मुनीमजी पह्यल्या दिवशी म्हणे, "मेलं का हे?" सारे हासले. मी नाही हासली. मले ते वळखीचं वाटलं.

संत्र्याच्या दिवसात तू मले पेट्या भराले सोबत नेत जाये. तू खाली बसून फळं निवडते, मी तणसावर मांडतो. चुकली की तू "हुं" म्हणते आन् फळ उचलून दुसरीकडं ठेवते. बरोबर असली की गप्प. अख्खी पेटी भरेपर्यंत गप्प. बाजूची बाई तुले म्हणे, "अवो, लेकराले एखांदवेळा शाबास त म्हण." तू म्हणे, "चुकली असती त बोलली असती." माहं त्यातच पोट भरे.

तुले ताप होता त्या दुपारी मी उशाशी तांब्या ठेवला. म्हटलं, "माय, इथं ठेवू ना?" तू काही बोलली नाही. मले वाटलं, बरोबर ठेवला. मी खेळाले गेली. बाबा रामाकोन्याहून आले, तुह्या कपाळाले हात लावला, आन् तिथंच खाली बसले. तू कवाचीच गेली होती.

आता हुकूम दिला आन् डब्बा गप्प राह्यला की मले तो तांब्या आठवते. मी लगेच त्याले तारीख इचारतो. तारीख लिहून आली म्हंजे जिता आहे. आज नागपूरचा इंजिनीयर मागं उभा राहून पाहून राहिला होता. "अगं, झालं ना काम. घडीघडी तारीख कायले इचारते?" मी पुढचा हुकूम टाइप केला. मग तो मालकाले सांगे, याच्यात आता चित्रवालं टाकता येते. पडद्यावर चौकोन दिसते, हातात एक डब्बी धरून खूण फिरवाची, काम झालं की "झालं" असं लिहून येते. पण डब्ब्याची अर्धी ताकद ते चित्रच खाते, काट्यावरचं काम हळू होईन. मालक म्हणे, "याच्यावर त कोणीबी बसन. माहा भाचा रिकामाच हाये." इंजिनीयर हळूच मले म्हणे, "पोरी, साधंच राहू द्या म्हण. तुही खुर्ची राहीन."

हुकूम मलेच येते म्हणून मालकानं मलेच इचारलं. चार लोकाइत माहा आवाज निघत नाही, तुले माहीत आहे. तरी म्हटलं, "बोलणारं टाका."

"पोट्टी येडी झाली," मुनीमजी म्हणे. उद्यापासून भाचा शिकाले येईन. सीजन सरला की मले काय म्हणतीन, हे मले समजते. बाबाले अजून सांगतलं नाही.

हे पत्र कुठं टाकाचं नाही, तेही समजते. पण एक सांगतो. मले साधंच आवडे, माय. हुकूम दिल्यावर, तारीख इचाराच्या आधी, तेवढी घडी तू माह्या मागं बसली राहे.