बिनमिठाची कोशिंबीर

कोल्हापूर,
मंगळवार, २० मे

प्रिय क्रांतीवन्सं,

सप्रेम नमस्कार. 'वन्सं' म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे. पण दिवाळीपासून माहेरी पाऊल न टाकणाऱ्या नणंदेला तेवढी शिक्षा हवीच. इकडे सर्व क्षेम. गडहिंग्लजलाही असाच उकाडा असेल. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर बोललं की आण्णा पलीकडच्या खोलीतून उत्तरं देतात. तुझ्या वडिलांचे गुडघे गेले, कान अजून आखाड्यातलेच आहेत.

बातमी अशी, की आपल्या घरात सगळे कोशिंबिरी खातात. दोन्ही वेळा, आणि आवडीनं. हसू नकोस. काकडीत दाण्याचं कूट घालून वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, मोडाच्या मुगात डाळिंबाचे दाणे, बीट दह्यात, कोबीत किसलेली कैरी. तुझा दादा त्याला 'सॅलड' म्हणतो, म्हणजे ऑफिसात डबा उघडताना मान ताठ राहते. तुझी भाची मैथिली आधी फोटो काढते आणि मग खाते, पण वाटी पुसून खाते. ज्या घरात रविवारी तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी न मागणाऱ्याला ताप आला समजत, त्या घरात हे चाललं आहे.

आण्णांनी पहिल्या दिवशी वाटी दूर सारली. "ह्ये काय गं, सूनबाई? म्हशीची वैरण चुकून हिकडं आली व्हय?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल म्हशीनं बी नको म्हटलं असंल." तरी थोडं थोडं खात होते. मी निर्धास्त होते. आण्णा कुरकुरतात तोवर सगळं सुरळीत आहे, असा या घराचा नियम.

मग गेल्या आठवड्यात त्यांनी वाटी रिकामी केली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झकास झालंय की."

वन्सं, लग्न होऊन आल्यापासून या माणसानं माझ्या स्वयंपाकाला 'बरं हाय' याच्या वर चढू दिलेलं नाही. न्यायशास्त्रात अनुमानाला पाच अवयव लागतात. मला एक रिकामी वाटी पुरली. आण्णांना कुणीतरी सांगितलं होतं.

पहिला संशय तुझ्यावर. मनातल्या मनात तुला बरंच बोलूनही घेतलं. मग आठवलं, तुला तर आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आता सांगते, बसून वाच. होळीनंतर आण्णांना धाप लागली. दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलंय. मीठ जवळजवळ बंद, मटण-रस्सा पूर्ण बंद. त्यांना 'उन्हाचा त्रास' एवढंच सांगितलं, तुला तेवढंही नाही. का, ते तुला विचारायला नको. दिवाळीत तू त्यांच्या ताटातली मटणाची नळी उचललीस आणि "आता बास" म्हणालीस. "माझ्या ताटात हात घालायचा न्हाय!" असे ते गरजले, आणि तू जेवण अर्धं टाकून बॅग भरलीस. ज्यांना पथ्य हा शब्द शिवीसारखा लागतो, त्यांना पथ्य सांगितलं की ते मुद्दाम तालमीतल्या कुणाच्या तरी घरी जाऊन रस्सा ओरपणार. म्हणून दादानं ठरवलं, सगळ्या घरानंच बिनमिठाचं खायचं. जिभेला चकवायला लिंबू, आलं, कैरी. आपल्या कांदा-लसूण चटणीतही मीठ असतं, म्हणून यंदा डंकावरून वर्षाची चटणी कांडून आणताना थोडी बिनमिठाची वेगळी करून घेतली. मला वाटलं, कुठं फट ठेवली नाही.

मग फोडलं कुणी? तुझ्या दादाला विचारलं. त्यानं लगेच अंबाबाईची शपथ घेतली, त्यामुळे संशय वाढला. मैथिलीनं मोबाईलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही, त्यामुळे ती सुटली.

तेवढ्यात आण्णांनी नवीन सुरू केलं. संध्याकाळी तालमीकडे जाताना म्हणायचे, "उरलेलं डब्यात घाल." डबा रोज लख्ख रिकामा परत. आता माझी खात्रीच झाली, की कोशिंबीर गटारात जाते आणि आण्णांच्या पोटात खारे दाणे की भजी काय ते जातं. शनिवारी लिंबं आणायचं निमित्त करून मी मागोमाग गेले. पंचेचाळिशीतली संस्कृतची बाई भिंतीआडून सासऱ्यावर पाळत ठेवते, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं नाही एवढीच कृपा.

तालमीच्या पायरीवर आण्णा आणि त्यांचे कुस्तीतले जोडीदार अल्लाउद्दीनचाचा. मध्ये डबा, दोन चमचे.

"अरे, मीठच न्हाय याच्यात," चाचा म्हणाले.

"गप खा. तुझं बीपी वाढलंय, तुझी सून सलमा सांगत हुती. तिच्या हातचं खाईना झालायस म्हणं."

"आनि तुला काय झालंय?"

"छाती बिघडलीया माझी. घरात समद्यांनी माझ्यापायी मीठ सोडलंय, आनि मला न्हाई म्हाईत असं सोंग करायलेत. नातसुदिक. मग मी बी करतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"डंकावरच्या चिमणाबाईनं. आमची सून म्हणं बिनमिठाची चटणी कांडून घिऊन गेली. पेठंत सगळ्यास्नी ठाऊक हाय."

म्हणजे मीच. चिमणाबाईनं विचारलं होतं, "बाई, मीठ इसरलासा? टिकायची न्हाय ही चटणी. कोन आजारी हाय?" मी म्हटलं, शाळेत प्रयोग करायचाय. संस्कृतच्या बाई चटणीचा कसला प्रयोग करणार, एवढं तिला कळतं.

आण्णांनी मागं वळून न बघताच विचारलं, "लिंबं मिळाली का गं?"

परतताना ते हळू चालत होते, मध्येच थांबत होते, आणि प्रत्येक वेळी कुठल्या तरी दुकानाची पाटी वाचल्यासारखं करत होते. मीही वाचत होते. कोपऱ्यावर म्हणाले, "क्रांतीला ह्यातलं काय कळवू नको. दिवाळीला बरोबर बोलली हुती, ह्ये तिला कळलं तर डोक्यावर बसंल माझ्या."

मी हो म्हटलं नाही. लिंबाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

डॉक्टर 'जपा' म्हणाले. कधीपर्यंत, हे दादानं विचारलं नाही आणि मीही नाही. काल कोबीची वाटी पुढे ओढत आण्णा म्हणाले, "कैरी जास्त घालत जा. क्रांतीला आंबट आवडतंय." दिवाळीनंतर घरात, सगळ्यांसमोर, तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

तेव्हा मी तुला काहीही कळवलेलं नाही. हे पत्र काकडीबद्दल आहे. तुला भांडायचं असेल तर पत्रातून जमणार नाही, सकाळची एसटी धर. ताटात हात घाल, गरजू देत त्यांना. घरात तो आवाज ऐकून फार दिवस झाले. फक्त कैऱ्या संपायच्या आत ये.

तुला काहीच न कळवणारी,
तुझी वहिनी
संयोगिता