साखरेचे कोळी

१० जुलै

बोटं सांभाळ पोरी, बाकीचं सगळं परत मिळतंय. बावीस वर्षांपूर्वी आजऱ्याच्या काजू कारखान्यात पहिल्याच दिवशी बाळाबाई मला हे म्हणाल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काजू फोडायच्या यंत्रात गेली होती आणि उरलेल्या तीन बोटांनी त्या आम्हा सगळ्या बायकांपेक्षा झरझर गर सोलायच्या. आज कोल्हापूरच्या स्टँडवर उतरताना ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. सांभाळली मी बोटं. दहाच्या दहा घेऊन आले. कारखान्याची एकच खूण अंगावर राहिली, डाव्या भुवईच्या वर, चंद्रकोरीएवढी. तिथे काजूचं गरम तेल उडालं होतं.

नवीन काम राजारामपुरीत, प्रभावती आक्कांच्या घरी. तळमजल्यावर बिनअंड्याच्या केकचं छोटं दुकान, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे मला एक खोली. ओव्हनजवळच्या खिडकीतून समोरच्या क्लासला येणारी पोरंपोरी दिसतात. आक्का पासष्टीच्या, जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यांचा मुलगा वृषभ ऑर्डरी घेतो आणि स्कूटरवरून केक पोचवतो. आल्या आल्या त्याने पावणं चहा घ्या म्हणून कप पुढे केला आणि आक्कांनी त्याला झापलं, की ती पावणी न्हाय, घरातली हाय.

ही वही माझ्या स्वप्नालीने दिली. ती गेल्या वर्षीपासून इथे वसतिगृहात राहून शिकते. म्हणाली, तू कुणाशी बोलत नाहीस आई, निदान लिही तरी. आठ सप्टेंबरला तिला अठरा पूर्ण होतील. तिने आजवर एकदाही केक कापलेला नाही. आम्ही ओवाळायचो, शिरा करायचो, झालं. तिसरीत असताना तिने विचारलं होतं, मला केक कधी? मोठी झालीस की, असं मी म्हटलं होतं. आज फोनवर सांगून टाकलं, यंदा तुझा केक माझ्या हातचा. ती म्हणाली, नक्की ना?

२० जुलै

दहा दिवसांत पुष्कळ शिकले. अंड्याऐवजी दही. क्रीम फार घोटायचं नाही. फोंडंट म्हणजे साखरेची कणीकच, पण ओल्या फडक्याखाली झाकली नाही तर तडकते. आक्का म्हणतात, काजू सोलणाऱ्या बाईला शिकवायला लागत न्हाय, हात दाखवला की येतंय.

काल त्या चातुर्मासासाठी बाहुबलीच्या तीर्थक्षेत्री गेल्या, दीड-दोन महिने मुनीमहाराजांच्या आहाराचं बघायला. जाताना एकच नेम सांगितला. केकवर फुलं काढ, वेली काढ, बॅट काढ, मोटार काढ. तोंड असलेलं, पाय असलेलं काही करायचं न्हाय. फुलपाखरू पण न्हाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, त्याच्यावर सुरी फिरवायची असते म्हणून. जीव पिठाचा का असेना, नाव घेऊन केला आणि नाव घेऊन कापला, की तो कापलाच.

मला ते गोड वाटलं. किती जपून जगतात ही माणसं.

आज रविवार, स्वप्नाली आली होती. तिच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली. माझ्या बोटांना तिचं डोकं पाठ आहे. मानेवरचे बारीक केस, कानामागचा तो उंचवटा. डोळे मिटून वेणी घालते मी.

२६ जुलै

वृषभने कोळ्याची ऑर्डर घेतली. कुठल्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा आहे, सहा वर्षांचा, त्याला कोळ्यांचं वेड. मी म्हटलं, आक्कांनी सांगितलंय. तो म्हणाला, आई यायला अजून लई दिवस हायत, आणि कोळी कुठं प्राणी असतोय व्हय ताई, त्याला तर आपण झाडूनं काढतोय. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला करून बघायचाच होता. आणि मी काही जैन नव्हे, मला कुठला नेम लागणार?

केक काळ्या चॉकलेटचा. वर पांढऱ्या क्रीमची एकात एक वर्तुळं काढली आणि मधून कडेकडे काडी ओढत गेले. सुंदर जाळं झालं. कोळ्याचे पाय मात्र उभे राहीनात. शेवटी फोंडंटच्या पट्ट्या माझ्याच वाकवलेल्या बोटांवर घातल्या आणि सुकेपर्यंत तशीच बसले. आठ बोटं, आठ पाय. अंगठे तेवढे रिकामे. पट्ट्या काढल्या तर प्रत्येक पायाला माझ्या पेराचा बाक आणि आतून माझ्या कातडीच्या रेषा. वृषभ म्हणाला, नाद खुळा झालाय की कोळी, आता चालायला लागतोय बघा.

२७ जुलै

बरोबर पाच वाजता डाव्या करंगळीतून गार कळ गेली. मग काहीच नाही. फ्रिजमध्ये फार वेळ हात राहिला असेल.

३ ऑगस्ट

करंगळी अजून बधिरच. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

कोळ्याच्या केकचा फोटो वृषभने फोनवर सगळ्यांना पाठवला. या आठवड्यात आणखी दोन झाले. दोन्ही वेळा असंच. परवा भांडी विसळताना, काल भाजी निवडताना. डाव्या हाताची करंगळीपासून तीन बोटं गेली आहेत. हलतात, काम करतात, पण त्यांना काही कळत नाही. डॉक्टरांनी मानेतली शीर दबली असेल म्हणून गोळ्या दिल्या.

स्वप्नाली आली होती. वेणी घातली. केसांतून बोटं फिरत होती आणि मला फक्त दिसत होतं.

९ ऑगस्ट

आज वृषभने गिऱ्हाइकाने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. टाळ्या, टोपी घातलेली मुलगी, तिच्या हातात प्लॅस्टिकची सुरी. सुरी कोळ्यावर टेकली, दबली, आत गेली. व्हिडिओवर वेळ होती सहा वाजून बारा मिनिटं. माझं चौथं बोट काल सहा वाजून बारा मिनिटांनी गेलं. मी तेव्हा घड्याळाला किल्ली देत होते.

एक कोळी, एक बोट.

वृषभला सांगितलं, आता कोळी नाही. तो हसला, म्हणाला केकला घाबरता व्हय ताई? पण माझा चेहरा बघून बरं म्हणाला. भला आहे तो.

१४ ऑगस्ट

चार दिवस फक्त गुलाब केले. बरं वाटत होतं.

आज दुपारी जेवून पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा डावा हात चालत होता. माझ्या मनगटापुढे, माझा नसल्यासारखा. चार बोटं ओट्यावर उभी राहून इकडून तिकडे जात होती, झोपलेला उजवा हात ओढत होती, त्याच्या बोटांवर पट्ट्या घालत होती. ताटलीत कोळी तयार होता. मी केला त्याच्यापेक्षा चांगला.

तो मोडायला हात उचलला. बोटं मिटलीच नाहीत. वृषभ आला, माझं मन बदललं असं समजून आनंदाने केक घेऊन गेला. ओरडले मी त्याच्यामागे. त्याला वाटलं, बॉक्स नीट धर म्हणते आहे.

पाच झाली.

२२ ऑगस्ट

हात फडक्याने बांधून झोपते. सकाळी फडकं घडी घालून उशाला ठेवलेलं असतं.

सहा. सात.

आक्कांना फोन करावा वाटतो. काय सांगू? तुमचा नेम मोडला, तुमच्याच ओट्यावर. वृषभला सांगितलं तर म्हणाला, ताई तुम्ही दमलाय, गावाला जाऊन या. गेलेही. आजऱ्याच्या गाडीत बसले. खिडकीच्या गजाला हाताने धरलं होतं. तीन रस्त्यांच्या तिकटीला गाडी थांबली तेव्हा त्याच बोटांनी माझी पिशवी उचलून खिडकीतून खाली टाकली. पिशवीसाठी उतरले. परत आले.

२९ ऑगस्ट

गणपतीसाठी घरात मोदक. मी म्हटलं, उकडीचं तरी शांतपणे करू. पारी हातावर घेतली, कळ्या पाडायला लागले, स्वप्नालीच्या केकचा विचार करत होते. वर पांढरी जाई काढायची, एवढंच.

खाली बघितलं. कळ्या नव्हत्या. पाय होते.

संध्याकाळी आरतीनंतर तो कुणीतरी कापून वाटला आणि आठवं गेलं. आता फक्त अंगठे माझे.

नववा केला तर काय घेईल? अंगठा घेतला तरी चालेल. दोन्ही घे म्हणते.

७ सप्टेंबर

आक्का आल्या.

माझे हात हातात घेतले. मला दिसलं तेवढंच, कळलं नाही. किती, म्हणाल्या. आठ. खाली बसल्या. म्हणाल्या, चूक माझी, मी नुसता नेम सांगितला, भीती सांगितली न्हाय.

त्यांच्यात या दिवसांत सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मीही मागितली. त्या म्हणाल्या, माझी कशाला मागतीस, ज्याला कापलं त्याची मागायची. पण तो तर खाऊन टाकलाय बाई. आता ऐकायला कोण हाय?

मग बराच वेळ रडल्या.

उद्याचा केक त्यांनी स्वतः केला. पांढरा. वर जाई. मी लांब उभी राहिले.

८ सप्टेंबर — दुपार

आक्का मंदिरात गेल्या. मी बसले नाही, टेकले नाही, जागीच होते. पापणी लवली असेल.

ओट्यावर दोन केक.

दुसऱ्यावर कोळी. मोठा. त्याच्या पाठीवर, डावीकडे, चंद्रकोरीएवढा डाग —

वृषभ आत आला. मी जाईचा दाखवला, हा ने म्हटलं. तो हसला. म्हणाला, तो आईचा झाला की. तुम्ही पोरीला तुमच्या हातचा म्हणून सांगितलंय. मी त्याच्यामागे जाऊ लागले तर बोटांनी टेबलाची कड धरली. कोळ्याचा केक उचलून तो गेला, स्कूटर सुरू झाल्याचं ऐकलं.

८ सप्टेंबर — सव्वाचार

अंगठ्याने फोन लावला. स्वप्नाली इतकी खूश — म्हणाली, आई, तुझ्या कपाळावरचा डाग पण काढलायस त्याला, सगळ्या मैत्रिणी बघायला आल्यात. पाच वाजता कापणार.

कापू नकोस म्हटलं.

का, म्हणाली. मी सांगितलं. सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. ती म्हणाली, एकदा आई. अठरा वर्षांत एकदा. तेवढंही बघवत नाही का तुला? तिने फोन ठेवला. आता लागत नाही.

साडेचार नंतर

आक्का आल्या. बोटं सोडवायला बघितलं, ओढलं, तूप लावलं. सुटत नाहीत. वसतिगृहावर फोन लावला, कुणी घेत नाही. रिक्षाला सांगून आल्या. म्हणाल्या, माझं न्हाय ऐकायची ती, तू लिहून दे. दोन अंगठ्यांत पेन धरलंय. बोटं खाली कडेला, अंगठे वर. जाळ्यासारखं अक्षर येतंय.

स्वप्ना,

हे पान तुझ्याच वहीतलं. आक्का आणतील. पोचतील की नाही —

तू नाही म्हणशील. म्हणायलाच हवं. तिसरीत असल्यापासून मी तुला नाही म्हणत आले. आता तुझी पाळी. तरी मागते.

मेणबत्त्या लाव. गाणं म्हणा. फोटो काढ, मला हवा आहे तुझा फोटो. सुरी तेवढी —

वेड लागलंय म्हण मला. चालेल. रविवारी येशील तेव्हा वेणी घालू दे. कळलं नाही तरी घालू दे. केस दिसतात मला.

आक्का पान मागतायत. पाच वाजायला दहा —

कापायचाच असेल तर बाळा, कडेने काप. पाय घे. पाय आधीच गेलेत. मधोमध नको लावूस, तिथे डागापाशी, तिथे मी आ