परळमधून दिलेला किनारा

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. गावच्या मुंबई मंडळाची सभा आमच्या चाळीत झाली. गाव कोकणात, निर्णय परळला, आजोबांपासूनची रीत. विषय एकच: खाडीच्या मुखाशी वारा भन्नाट, तेव्हा कमरेला भलामोठा पतंग बांधून फळीवरून पाणी कापत पळणाऱ्या पाहुण्यांना तो किनारा द्यायचा का?

तिथेच ओहोटीला गावातली सुमनकाकी वाळूतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते. त्यावर तिचं घर चालतं. गेल्या आठवड्यात चाचणीला आलेल्या एका पतंगाच्या दोरीने तिचं मनगट चिरलं. मीच हट्टाने तिला सभेतून फोन लावला, स्पीकरवर.

"काकी, विकास नको काय गावाक?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमी गणपतीक येतास रे. मी रोज आसंय. मी ओहोटीक खंय जाव?"

"रेंज नाय वाटतं," म्हणत अध्यक्षांनी माझा फोन बंद केला आणि बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. वर्षातले पाच दिवस गावकरी असणाऱ्यांचे सगळे हात वर! निर्लज्ज लेकाचे. माझ्या हातात चहाचा कप होता, म्हणून माझा खाली राहिला. घरी येईपर्यंत त्या कपाचा केवढा अभिमान वाटत होता!

पण "विरोधात कोण?" असंही विचारलं होतं. तेव्हाही मी कप खाली ठेवला नाही.