कानातून धूर न निघाल्याबद्दल

तीर्थरूप कमलमामी,

परळहून लवूचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? तात्यामामा डॉक्टरांच्या गोळ्या घेतायत की नेहमीसारख्या उशीखाली जमवतायत? इथे आम्ही ठणठणीत. (फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.)

मिलच्या जागेवर काचेचा टॉवर झालाय (तात्यामामा ज्या खात्यात कामाला होते तिथे आता साहेबांच्या गाड्या लागतात), त्यातल्या एका कंपनीला दुपारचं जेवण मी पुरवतो, हे तुला ठाऊक आहेच. आपलं निम्मं स्वयंपाकघर त्याच कामावर चालतं. यंदा कंत्राट नव्याने करायचं होतं आणि मेनू इंग्रजीत मेल करा, असा निरोप आला. अक्षदा म्हणाली, "पप्पा, मी लिहिते." मी म्हटलं, नको, मग मी दादरला इंग्रजीच्या क्लासला काय भजी तळायला जातो?

त्याच आठवड्यात क्लासच्या बाईंनी शिकवलं होतं की इंग्रजीत एखादी गोष्ट फार आहे एवढ्यावर भागत नाही. ती इतकी आहे की त्यामुळे पुढे काय होतं, तेही सांगायचं. मला पटलं. लिफ्टमध्ये माझे कान उघडे असतात. तिथली पोरं रोज म्हणतात, इतकी भूक लागलीय की अख्खा घोडा खाईन. एक मुलगी तर एसीच्या गारठ्याने सोमवार ते शुक्रवार मरत असते. म्हटलं, ही तर आपलीच माणसं! आपल्याकडेही पानावरचा माणूस 'मेलो, मेलो' करत तिसऱ्यांदा रस्सा मागतो.

मग मी बेधडक लिहिलं. कोंबडीचा रस्सा इतका झणझणीत की कानातून धूर निघेल. वडे इतके हलके की ताटात धरून ठेवावे लागतील. सोलकढी इतकी गार की बसल्या जागी झोप लागेल. अक्षदाने वाचून कपाळावर हात मारला, पण तोवर मेल गेला होता.

दुसऱ्या दिवशी सीमा मॅडमचा फोन. (ऑफिसची सगळी व्यवस्था त्या बघतात. आहेत लालबागच्या, पण ऑफिसात इंग्रजीच्या खाली उतरत नाहीत.) धुराची तक्रार आजवर कोणाकोणाची आली? सोलकढीची झोप साधारण किती टिकते, कारण जेवणानंतर परदेशातले फोन असतात? मी म्हटलं, मॅडम, बोलायची रीत असते ती. तेव्हा कुठे त्या मराठीत आल्या. "लवूशेठ, बोलला असतात तर आम्ही हसलो असतो हो. तुम्ही लिहून दिलंत!" तोंडाने घोडे खाणारी माणसं, मामी, कागद बघितला की मुंगीलाही घाबरतात. कंत्राट अडकलं. आधी चव घेऊ, मग ठरवू, म्हणाल्या.

चवीला चार साहेब, एक नर्स आणि आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन सिक्युरिटीवाला. मी गुमान वाढलं. साहेबांना घाम फुटला. सगळे सीमा मॅडमच्या तोंडाकडे बघत बसले. बाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, डोळ्यांतून पाणी घळाघळा, आणि तोंडातून एकदम लालबाग बाहेर पडलं, "आई गं, मेले मी! जीव गेला माझा! वाढा अजून." नर्स धावत निघाली, तिला मी खूण करून बसवलं. (सिक्युरिटीवाल्याने नळकांडं खाली ठेवून ताट उचललं, ते वेगळं.)

संध्याकाळी सीमा मॅडमचा रिपोर्ट आला : चव मध्यम तिखट, धूर आढळला नाही. कंत्राट मिळालं.

तात्यामामांना नमस्कार. कंबरेला जप.

तुझा,
लवू

ता. क. आता कंत्राटातही 'मध्यम तिखट' असंच लिहिलंय, आणि कंपनीचा माणूस अधूनमधून आपल्या स्वयंपाकघरात येऊन मसाल्याचे डबे बघणार आहे. तेव्हा तू पाठवतेस त्या मसाल्यात यंदा मिरची जरा कमी घालशील का? ओरडू नकोस. (ओरड. पत्र आहे, मला ऐकू येणार नाही.)

आणखी ता. क. वरचं लिहून होतंय तोच सीमा मॅडमचा फोन आला. मिरची कमी केलीत तर मी मरेन, म्हणाल्या. (तोंडी म्हणाल्या. लिहून मागितलं तर देणार नाहीत.) म्हणून मिरची आहे तेवढीच राहू दे. फक्त जावांनी हात मारू नये म्हणून तू दरवर्षी डब्यावर लिहितेस ना, 'चमचाभर जरी घेतलात तर मराल', ते तेवढं यंदा नको. 'मध्यम' लिही.